कारणाच्या रकान्यात सून

प्रिय निहार आणि मीरा,

गेल्या रविवारी तुम्ही दोघांनी मेलबर्नहून फोन करून माझ्याकडे डोकेदुखीच्या लेपाची कृती मागितली. निहारच्या मित्राला तो लेप छोट्या डबीत भरून विकायचा आहे आणि डबीवर माझा फोटो छापायचा आहे. फोटोत मी नऊवारी नेसावी, मागे चूल असावी आणि हातात कसली तरी पानं असावीत, असं त्याचं म्हणणं पडलं. मी आयुष्यात नऊवारी नेसलेली नाही. माझ्या दुकानात चूल नव्हती, ट्यूबलाइट होती, आणि हातात बहुतेक वेळा पेन असे.

कृती लगेच देऊन टाकते. सुंठेचा तुकडा सहाणेवर पाण्यात उगाळावा, त्यात वेखंडाचे चार वेढे द्यावेत, चिमूटभर जटामांसीचं चूर्ण मिसळावं, कपाळावर पातळ लावावं आणि अर्धा तास डोळे मिटून पडावं. जाड लावलं तर कातडी भाजते. संपली कृती. फोटोचं मात्र तसं नाही. वणीतल्या साबिराबींचा उजवा डोळा गेला, त्यात या लेपाचा आणि माझा हात आहे. ही गोष्ट मी तुमच्या बाबालाही कधी धड सांगितली नाही. आता तुम्ही माझा चेहरा परक्या लोकांच्या न्हाणीघरात ठेवायला निघालात, तेव्हा सांगायला हवी.

आमचं दुकान काष्ठौषधींचं. म्हणजे मुळ्या, साली, बिया, गोंद, वाळलेली फुलं. वैद्य लिहून देत तो माल आम्ही काढून देत असू, आणि वैद्याकडे जायचा कंटाळा असलेले लोक थेट आमच्याकडेच येत. दुकान माझ्या सासऱ्यांचं, मामाजींचं. त्यांच्या मागे भिंतभर लाकडी खण होते आणि कशात काय आहे हे एकट्या त्यांच्या नाकाला ठाऊक होतं. तुमचे आजोबा कॉलेजात इतिहास शिकवत आणि दुकानात पाऊल टाकलं की शिंकत. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, वनस्पतिशास्त्राची पदवीधर. लग्नानंतर वर्षभर मी ते खण पाहिले आणि मग मला राहवेना. एका रविवारी सगळ्या खणांना चिठ्ठ्या चिकटवल्या. वर मराठी नाव, खाली लॅटिन, कोपऱ्यात माल आल्याची तारीख.

सोमवारी खेड्यावरून गोदाबाई नावाच्या बाई आल्या. दर दोन महिन्यांनी त्या डोक्याचं औषध न्यायला येत. मामाजींनी खण उघडला. गोदाबाईंचा नातू तेव्हा चौथीत होता आणि आजीसोबत आला होता. त्यानं चिठ्ठी वाचून दाखवली.

"सुंठ?" गोदाबाई म्हणाल्या. "हे सुंठ व्हय? सुंठ तं माह्या घरी डबाभर पडली हाय."

"हे वेगळी हाय," मामाजी म्हणाले.

"वेगळी हाय तं तसं लिवा. सुंठीसाठी मी एस.टी.चे धक्के कायले खाऊ?"

त्या पुन्हा आल्या नाहीत. आठवड्यात असे चार-पाच जण गेले. मामाजी मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सूनबाई, तुमच्या चिठ्ठ्यांनं औषधाचा गुण गेला." मग त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या उलट्या चिकटवायला लावल्या, म्हणजे मला हव्या तेव्हा सोडवून वाचता येतील आणि गिऱ्हाईकाला नाही. विज्ञान आणि व्यवहार यांच्यात आमच्या घरी झालेला हा पहिला तह.

डोकेदुखी हा दुकानाचा मुख्य धंदा. वणी म्हणजे कोळशाच्या खाणी, रात्रंदिवस ट्रक, कपाशीच्या दिवसांत त्यात बैलगाड्यांची भर. बरण्या दिवसातून दोनदा पुसल्या तरी तिसऱ्यांदा त्यावर बोटानं नाव लिहिता येई. असल्या गावात कोणाचं डोकं दुखत नाही हाच प्रश्न. पण पूर्वी लोक नुसतं 'डोकं दुखते' म्हणत. मी कुठल्याशा इंग्रजी मासिकात ताणाच्या डोकेदुखीवर लेख वाचला आणि दुकानाबाहेर पाटी लावली: 'टेन्शनच्या डोकेदुखीवर लेप मिळेल.' महिन्याभरात निम्म्या गावाला टेन्शन झालं. लोकांना तो शब्द फार आवडला. नुसतं डोकं हमालाचंही दुखतं, टेन्शन असायला माणूस काहीतरी असावा लागतो. ज्यांना मुलगी नव्हती तेही मुलीच्या लग्नाचं टेन्शन सांगू लागले.

मामाजींची गिऱ्हाईक तपासायची रीत साधी होती. तीन प्रश्न. कुठं दुखते, कधी दुखते, आणि कोणापायी दुखते. तिसरा प्रश्न ते आवाज खाली करून विचारत. उत्तर तयारच असे. सासू, सून, नवरा, जावई, साहेब. मग पुडी बांधताना ते पथ्य सांगत: लेप स्वतः उगाळायचा नाही. ज्याच्यापायी डोकं दुखतं त्यानंच उगाळायचा, शंभर वेढे, मोजून. मधे बोललं की पहिल्यापासून.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. मग कळलं की शंभर वेढ्यांना वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ त्रास देणारा माणूस तोंड मिटून बसतो, कारण त्याचा आकडा चुकेल. त्रास होणारा माणूस पडून राहतो, कारण समोरचा आपल्यासाठी हात दुखवून घेतोय हे त्याला दिसत असतं. सुंठ आपली कपाळ गरम करायची तेवढी करतेच. मी एकदा मामाजींना विचारलं, यात औषध किती आणि युक्ती किती. ते म्हणाले, "सूनबाई, पोट भरल्यावर कोणी विचारते का, जेवण कोणी वाढलं?"

युक्ती नेहमी जमे असं नाही. एका खाणीच्या कचेरीतले कारकून आले. कोणापायी, तर साहेबापायी. पुडी घेऊन गेले. चार दिवसांनी साहेबच आले, डोक्याला हात लावून. कोणापायी, तर त्याच कारकुनापायी. आता साहेब कारकुनासाठी उगाळणार नाहीत आणि साहेबांनी उगाळल्याशिवाय कारकून उगाळणार नाही. दोघांनी आपापली पुडी कचेरीतल्या शिपायाला दिली. नारायण त्याचं नाव. पंधरवड्यानं नारायण दुकानात आला, दोन्ही तळहात पुढे केले आणि म्हणाला, "बाई, मले पण एक पुडी द्या. आन कोणापायी ते इचारू नका, मोठी यादी हाय."

मामाजी गेले आणि दुकान माझ्याकडे आलं. आता इथे माझ्या शिक्षणाचा भाग सुरू होतो. मामाजींचं सगळं तोंडी होतं. मी वही केली. लांबट, पुठ्ठ्याची, प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेले रकाने: नाव, कुठे, कधी, आणखी काही, कारण. 'कारण' या रकान्यात त्या माणसाचं नातं लिहायचं. माझं अक्षर चांगलं आहे हे तुम्हाला वाढदिवसाच्या कार्डांवरून ठाऊक आहे. त्या वहीचा मला फार अभिमान होता. पाहुणे आले की मी ती त्यांना दाखवत असे.

मामाजी कधी कधी एखाद्याला प्रश्न विचारता विचारता थांबत, त्याच्याकडे जरा वेळ पाहत आणि म्हणत, "हे माह्यं काम नाही. डॉक्टरकडे जा, आजच जा." पुडी देत नसत. त्यांना ते कशावरून कळे हे मी कधी विचारलं नाही. माझ्या वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

साबिराबींचं गादी-रजईचं दुकान आमच्या समोर. नवरा लवकर गेला, मुलगा सलीम चंद्रपूर रस्त्यावर ट्रकचं गॅरेज चालवायचा. साबिराबींच्या रजईचा टाका इतका बारीक आणि सारखा, की वणीत मुलीच्या लग्नात रजई त्यांच्याच हातची लागे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या सुई-दोरा घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसत. मला भाभी म्हणत. सलीमचं लग्न झालं, पांढरकवड्याची नसीमा घरात आली. बारावी शिकलेली, कमी बोलणारी. गल्लीत कमी बोलणाऱ्या सुनेला आतल्या गाठीची म्हणतात, जास्त बोलणारीला काय म्हणतात ते लिहीत नाही.

लग्नानंतर पाचव्या महिन्यात साबिराबींचं डोकं सुरू झालं.

"भाभी, फुटून राह्यलं," त्या म्हणाल्या.

मी वही उघडली. "कुठे?"

"इथं. उजव्या भिवईवर. डोळ्याच्या मागून कोणी ठोकून राह्यलं असं वाटते."

"कधी?"

"संध्याकाळी. बत्ती लावायच्या टायमाले. मळमळते पण. बत्तीभवती रंगाचं कडं दिसते, इंद्रधनुष्यावाणी. झोपून उठलं का बरं वाटते."

मी सगळं लिहून घेतलं. मग आवाज खाली केला. साबिराबींनी समोर पाहिलं. नसीमा दारात गाद्यांचा कापूस उन्हात पसरत होती. साबिराबी काही बोलल्या नाहीत, मीही पुन्हा विचारलं नाही. मी 'कारण' या रकान्यात लिहिलं: सून.

नसीमाला बोलावून पथ्य समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, एकच विचारलं, "शंभर म्हणजे एका हातानं का दोन्ही मिळून?" मला ते उर्मट वाटलं.

सात महिने त्या मुलीनं रोज संध्याकाळी दारात बसून सुंठ उगाळली. दारात, कारण तिथे उजेड असे, आणि गल्लीला दिसेही. जाणारे-येणारे थांबत. किराणावाले काका तिला रोज विचारत, "किती झाले?" नसीमाला पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागे. बायका कौतुकानं माझ्याकडे पाहत, की बाईंनी बरोबर नस पकडली. तिच्या माहेरची माणसं एकदा आली, त्यांनाही कोणीतरी सांगितलं की तुमच्या मुलीपायी सासूचं डोकं उठतं. नसीमाची आई माझ्या दुकानावरून गेली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

आणि लेपानं गुण येत होता. हे लक्षात ठेवा. लेप लावून साबिराबी अर्धा तास डोळे मिटून पडत, कधी झोप लागे, आणि उठल्या की दुखणं गेलेलं असे. त्या मला येऊन सांगत. मी वहीत बरोबरची खूण करत असे.

मधे एका दुपारी नसीमा दुकानात आली. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली.

"आंटी, एक सांगायचं होतं. अम्मी चहाचा कप ठेवतात ना, तो टेबलाच्या बाहेर ठेवतात. उजव्या बाजूनं. तीन कप फुटले."

"वय झालं, हात थरथरत असेल."

"हात नाही थरथरत. टाका सरळ पडते. पण सुई ओवायची असली की मान वळवून डावीकडून पाह्यतात."

मला वाटलं, उगाळायचा कंटाळा आलाय, आता म्हातारीत दोष काढतेय. मी सुनेच्या त्या जागेवर स्वतः कित्येक वर्षं बसलेली बाई. तिला म्हणाले, "तू शंभर वेढे पूर्ण करतेस ना? मग होईल हळूहळू." ती मान हलवून गेली. फुटलेल्या कपांसाठी माझ्या वहीत रकाना नव्हता.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, दिवेलागणीला, नसीमा सासूच्या कपाळावर लेप लावत होती. त्या दिवशी तो जरा पातळ झाला होता. एक ओघळ डाव्या पापणीवर आला आणि झोंबला. साबिराबींनी डावा डोळा घट्ट मिटून घेतला आणि विचारलं, "लाइट गेली का?"

लाइट गेली नव्हती. बल्ब त्यांच्या डोक्यावर जळत होता.

नसीमानं कोणाला काही सांगितलं नाही. डोळा धुतला, सासूला जेवू घातलं. सकाळी सलीम गॅरेजला गेल्यावर सासूला घेऊन ती यवतमाळच्या बसमध्ये बसली. गल्लीनं त्याचाही अर्थ लावला, की सून म्हातारीला माहेरच्यांकडे भांडायला घेऊन गेली. संध्याकाळी दोघी परत आल्या. साबिराबी सरळ घरात गेल्या. नसीमा माझ्या दुकानात आली, हातात डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद.

"काचबिंदू म्हणाले," ती म्हणाली. "डोळ्यातलं पाणी अडून राह्यते, आतून दाब येते, त्याच्यानं डोकं दुखत होतं. झोपलं की दाब उतरते, म्हणून बरं वाटे. उजवा गेला. परत येत नाही म्हणाले. डाव्याले पण सुरुवात आहे, त्याचं परवा लेझरनं करणार आहेत."

मी बसले होते ती उभी राहिले, आणि उभी राहून काय करायचं ते कळेना म्हणून पुन्हा बसले.

"डॉक्टरनं विचारलं, दिव्याभवती कडं कधीपासून दिसते. अम्मीले सांगता येईना. मी म्हटलं आंटीच्या वहीत लिहून असेल."

होतं. मी पान काढलं. सात महिन्यांपूर्वीची तारीख. उजवी भुवई. संध्याकाळी. मळमळ, दिव्याभोवती रंगीत कडं, झोपल्यावर बरं. कुठेही खाडाखोड नाही. तो कागद कोणत्याही डॉक्टरसमोर ठेवला असता तर त्यांनी त्याच दिवशी साबिराबींना गाडीत बसवलं असतं. मी तो सात महिने माझ्यासमोर ठेवला होता. ताणाची डोकेदुखी कपाळाभोवती दोरी आवळल्यासारखी असते, दोन्ही बाजूंनी असते, आणि तिच्यात दिव्याभोवती कडी दिसत नाहीत, हे त्या इंग्रजी लेखात होतं. मी तो वाचला होता. खाली पेन्सिलीनं रेघही मारली होती.

नसीमानं वही आपल्याकडे वळवून घेतली. तिनं शेवटचा रकानाही वाचला. वाचायला फार वेळ लागत नाही, दोन अक्षरं आहेत.

"आंटी," ती म्हणाली, "एवढं खोडून देता का? डॉक्टरले दाखवायचं आहे."

मी पट्टी शोधली. आता विचार केला की लाज वाटते, पण मला हातानं रेघ मारवेना, सवयच नव्हती. ती उभी राहिली, मी पट्टी लावून तो शब्द खोडला, आणि मग पूर्ण पान फाडून तिच्या हातात दिलं. माझ्या वहीचं फाडलेलं ते एकमेव पान.

गल्लीचं सांगते. आठ दिवसांत नसीमासारखी सून नाही असं ठरलं. किराणावाले काका म्हणाले, आपण पहिल्यापासूनच म्हणत होतो. मी केलं ते कोणी बोललं नाही, कारण बरेच जण माझ्याकडून पुड्या नेत होते आणि त्यांच्या घरी कोणीतरी उगाळत होतं. साबिराबींसमोर जायला मला पंधरा दिवस लागले. मी माफी मागितली, मराठीत मागितली, मग हिंदीत मागितली. त्या म्हणाल्या, "भाभी, तुमच्या लेपानं आराम पडत होता, खोटं कायले बोलू. आराम पडत होता म्हणूनच कुठं गेली नाही." मग म्हणाल्या, "मले माहीत होतं, पोरीपायी दुखत नाही. पण ते रोज माह्याजवळ बसून उगाळे, मले बरं वाटे. मीच बोलली नाही. तिले तुम्ही एकट्यानंच बदनाम नाही केलं."

त्यानंतर मी तिसरा प्रश्न विचारणं सोडलं. नवीन वहीत कारणाचा रकाना नाही. त्या जागी विचारू लागले: एकाच बाजूला दुखतं का, नजर अंधुक होते का, दिव्याभोवती कडं दिसतं का, असं दुखणं आयुष्यात पहिल्यांदाच आहे का. एकाचंही उत्तर हो आलं तर पुडी नाही, आधी डॉक्टर. गिऱ्हाईक नाराज झालं. "बाई, डोकं दुखते आमचं, तुम्ही डोळे काहून पाह्यता?" आणि मुख्य म्हणजे कोणापायी हे विचारतच नाही म्हटल्यावर लोकांचा विरस होऊ लागला. ते अर्धे त्यासाठीच येत होते. एक बाई तर पुडी घेऊन पायरीपर्यंत गेल्या, परत वळून आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही इचारलं नाही, पण नणंदेपायी." दोन वर्षांत धंदा उतरला, माझेही गुडघे उतरले, मी दुकान एका मोबाइलवाल्याला भाड्यानं दिलं. भिंतीवरचे खण त्यानं ठेवलेत. त्यात चार्जर असतात. चिठ्ठ्या अजून उलट्याच आहेत.

तर निहार, कृती तुझ्या मित्राला दे. ती काही माझी मालमत्ता नाही, सुंठ सगळ्यांच्या घरी आहे. फोटो लावू नकोस. डबीवर त्या जागी वरचे चार प्रश्न छापायला सांग, मोठ्या अक्षरात. त्याला ते शोभणार नाही असं तो म्हणेल. मग त्याला सांग, आजी नाही म्हणाली. आणि मीरा, तुझं डोकं परीक्षेच्या दिवसांत दोन्ही बाजूंनी दुखतं, हे तू फोनवर सांगितलंस ते मी ऐकलं आहे. डोळे तपासून घे, चष्म्याचा नंबर बघ, पाणी पी, आणि मग खुशाल लेप लाव. कोणाकडूनही उगाळून घे किंवा स्वतः उगाळ.

मी काल साबिराबींकडे जाऊन आले. रजईची लहान कामं त्या अजून घेतात, डोक्याच्या उशा, पाळण्यातल्या गोधड्या. उजव्या डोळ्यानं उजेड-अंधारही कळत नाही. डावा डोळा शाबूत आहे. त्यात सकाळ-संध्याकाळ औषधाचा एकेक थेंब घालावा लागतो, तो नसीमा घालते, आणि त्या डोळ्यानं साबिराबी अजून स्वतःची सुई स्वतः ओवतात.

तुमची,
आजी